शेवाळाचा जमाखर्च

आमच्या मोठ्या बहिणीचा मुलगा पेणला माशांच्या काचपेट्या विकणाऱ्या एका दुकानात कामाला आहे. बारावीनंतर दोन वर्षे त्याने इकडेतिकडे हजेरीवर काढली, मग हे काम मिळाले. दुकानातल्या पेट्या धुवायच्या, पाणी बदलायचे आणि गिऱ्हाइकांच्या घरी जाऊन त्यांच्या पेट्यांची देखभाल करायची. त्या घरात महिन्याच्या महिन्याला येणारा पगार त्याचा एकट्याचाच. त्यामुळे एका शनिवारी रात्री त्याचा फोन आला आणि तो म्हणाला, "मामा, माझं काम जाणार बहुतेक," तेव्हा आमच्या पोटात गोळा आला.

प्रकरण असे होते. रोह्याच्या एका मोठ्या घरी खाऱ्या पाण्याची पेटी आहे. साधे गोड्या पाण्याचे मासे नव्हेत. समुद्रातल्या खडकासारखी रचना, नारिंगी पट्ट्यांचे दोन मासे, दोन कोळंब्या आणि एक समुद्रफूल. पेटीची किंमत ऐकली तर आपल्यासारख्याला घेरी यावी. त्या पेटीत दोन महिन्यांपासून केसांसारखे लांब हिरवे शेवाळ माजले होते. भाचा दर आठवड्याला जाऊन घासत होता आणि पुढच्या आठवड्याला ते दुप्पट होत होते. शेवटी घरमालक म्हणाले, "तुझ्या हातालाच स्वच्छता नाही." दुकानदाराने सांगितले, शेवाळ मारायचे औषध टाक आणि विषय संपव, नाहीतर दुसरा माणूस पाठवतो.

काम जाईल याचे दुःख होतेच. पण पोराला लागले होते ते ते वाक्य. आपल्या माणसांना हे वाक्य नवे नाही, म्हणूनच ते जास्त लागते.

आता आम्ही पेशाने कारकून. शिक्षण बी.कॉम. माशांविषयीचे आमचे ज्ञान म्हणजे जिताड्याचे कालवण कसे लागते, एवढेच. लहानपणी शाळेच्या सहलीत मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय पाहिले होते. १९५१ साली सुरू झालेले ते मत्स्यालय आमच्या पिढीतल्या कितीतरी पोरांनी तोंडाचा आ वासून पाहिले आहे. तेवढ्या भांडवलावर आम्ही म्हणालो, "उद्या रविवार आहे. मी येतो तुझ्याबरोबर. वही घे."

सकाळी पेणहून रोह्याची गाडी पकडली. कासू, नागोठणे, निडी आणि रोहा. गाडीत त्याने आम्हाला धडा दिला. शेवाळाला जगायला तीन गोष्टी लागतात. पाणी, उजेड आणि खत. खत म्हणजे नायट्रेट आणि फॉस्फेट, शेतात आपण टाकतो त्याच जातीचे. पेटीत ते येते माशांच्या खाण्यातून आणि विष्ठेतून. समुद्रात हे खत इतके विरळ असते की शेवाळाला माजायला वाव नसतो आणि जे उगवते ते चरणारे मासे, गोगलगायी आणि समुद्री साळींदरे खाऊन टाकतात. पेटीत पाणी थोडे, खाणारे कमी आणि वाढणारा मात्र रोज वाढत असतो.

"मग पाणी तपासलंस का?" आम्ही विचारले.

"तपासलं ना मामा. नायट्रेट अगदी कमी आलं. त्याचंच तर कोडं आहे. पाणी चांगलं आणि शेवाळ भरमसाट."

इथे आमच्यातला कारकून जागा झाला. गल्ल्यात रोख शिल्लक नाही म्हणजे दुकानात माल आलाच नाही, असे कोणी म्हणेल काय? माल आला, पण तो गोदामात गेला. पाण्यातले खत शेवाळाने आधीच खाऊन टाकले असेल तर पाण्यात ते दिसणार कसे? गोदाम म्हणजे ते हिरवे केसच. आम्ही म्हणालो, "आपण पाण्याची तपासणी बाजूला ठेवू. पेटीची खतावणी लिहू. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च."

रोह्यात पोहोचलो. दिवाणखान्यात पेटी. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. भाच्याच्या हिशेबाने आत सुमारे १८० लिटर पाणी. मालक घरी नव्हते. त्यांच्या वृद्ध आई होत्या. त्यांनी आम्हाला बसवले, पाणी दिले. पोरगा वही उघडून लिहू लागला.

जमेच्या बाजूला पहिली नोंद माशांच्या खाण्याची. ठरल्याप्रमाणे दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढेच. भाच्याने कामवाल्या ताईंना विचारले. त्या म्हणाल्या, सकाळी साहेब घालतात, संध्याकाळी मुलगी घालते. म्हणजे दोनदा झाले. एवढ्यात आजी हळूच म्हणाल्या, "दुपारी मी घालते हो थोडा पाव. काचेशी येतात बिचारे. घरात दुपारी दुसरं कोण असतं बोलायला?"

आम्ही दोघे गप्प झालो. पोराने पेन्सिल थांबवली. त्याला म्हातारीला गुन्हेगार ठरवायचे नव्हते, आम्हालाही नव्हते. पण नोंद ती नोंद. दिवसातून तीनदा, त्यात पाव. न खाल्लेला कण खडकाच्या फटीत जातो, कुजतो आणि त्याचे खत होते.

दुसरी नोंद उजेडाची. दिवे किती तास? सकाळी उठल्यापासून रात्री निजेपर्यंत. तेरा-चौदा तास. शिवाय पेटी खिडकीसमोर, सकाळचे ऊन थेट काचेवर.

तिसरी नोंद करताना मात्र भाच्याची मान खाली गेली. उघड्या पेटीतून रोज दोन-अडीच लिटर पाण्याची वाफ होते. वाफ गोड्या पाण्याची होते, मीठ आत राहते. म्हणून भर गोड्या पाण्याचीच घालायची असते आणि ते पाणी गाळून शुद्ध केलेले, आरओचे असावे लागते. भाचा म्हणाला, "मामा, आरओच्या पाण्याचा कॅन मुख्य रस्त्यावरून वर आणावा लागतो. उन्हाळ्यात मी मागच्या बोअरवेलचंच घालायला सांगितलं. पिण्याचं पाणी आहे, काय होतंय म्हटलं."

काय होते ते आम्ही वहीतच मांडले. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमपर्यंत चालते, असे भारतीय मानक आहे. समजा, बोअरवेलच्या पाण्यात त्याच्या निम्म्याहून कमी, २० मिलिग्रॅम आहे. माणसाला काही धोका नाही. पण रोज अडीच लिटर म्हणजे महिन्याला ७५ लिटर. ७५ गुणिले २० म्हणजे दीड हजार मिलिग्रॅम. पाणी उडून जाते, नायट्रेट उडत नाही. १८० लिटरने भागले तर दर महिन्याला लिटरमागे ८ मिलिग्रॅमहून थोडी जास्त भर. वर्षाला १००. अशा पेटीला एकूण पाच-दहाच्या आत ठेवायचे असते. माशांना घासभरही खाणे न घालता ही जमा! बँकेतल्या व्याजासारखी न मागता चढत जाणारी.

आता खर्चाची बाजू. पाणी बदलणे महिन्यातून एकदा, तेही कधी चुकलेले. पाण्याला फेस आणून त्यातली घाण काढणारे यंत्र होते, पण त्याचा कप आठवडेच्या आठवडे रिकामा केलेला नव्हता. आणि शेवाळ घासणे? भाचा पेटीतच ब्रशने घासत होता. सुटलेले शेवाळ पाण्यातच कुजत होते. म्हणजे ताट घासायचे आणि खरकटे पाणी पुन्हा त्याच ताटात ओतायचे. वहीत खर्चाच्या रकान्यात त्याची नोंद होणारच नाही. तो नुसता एका खात्यातून दुसऱ्या खात्यात केलेला वर्ग.

पोरगा वहीकडे पाहत राहिला. म्हणाला, "म्हणजे चूक माझीही आहे."

आम्ही म्हणालो, "आहे. पण हात घाण असण्याची नाही. हिशेब न ठेवण्याची आहे. ती सुधारता येते."

संध्याकाळी मालक आले. भाच्याने वही त्यांच्यापुढे ठेवली. आधी स्वतःच्या दोन चुका सांगितल्या, मग उरलेल्या नोंदी. आजींचे नाव घेतले नाही, "दुपारचे एक खाणे बंद करावे लागेल," एवढेच म्हणाला. आजी आतून म्हणाल्या, "ते माझंच होतं रे." मालक बराच वेळ आकडे पाहत राहिले. औषधाचा विषय निघाला तेव्हा भाच्याने स्पष्ट सांगितले, शेवाळ मारायच्या बऱ्याच औषधांत तांबे असते. तांब्याने मासा एखादवेळ तगेल, पण कोळंबी आणि समुद्रफूल मरतील. शिवाय एवढे शेवाळ एकदम मेले तर ते सगळे पेटीतच कुजणार, पाण्यातला प्राणवायू संपणार आणि खत पुन्हा पाण्यात येणार. मालक म्हणाले, "बरं. दोन महिने देतो."

उपाय साधेच होते. शेवाळ हाताने उपटून लगेच पेटीबाहेर काढायचे. सुटे होतील ते दगड खाऱ्या पाण्याच्या बादलीत घेऊन घासायचे. खाणे एकदाच. दिवे आठ तास, खिडकीला जाड पडदा. भर फक्त शुद्ध पाण्याची. फेसाचा कप दोन दिवसांनी रिकामा. आणि दर आठवड्याला २० लिटर पाणी बदल. त्यासाठी लिटरला ३५ ग्रॅम या मापाने २० लिटरला ७०० ग्रॅम समुद्री मीठ, तेही पेट्यांसाठी मिळते ते, स्वयंपाकाचे नव्हे. मालकांनी विचारले, "खाडीचं पाणी फुकट आहे, ते का नको?" कुंडलिकेच्या काठी धाटावची औद्योगिक वसाहत, पावसाळ्यात नदीचा लोंढा, खाडीतला गाळ. तिथल्या पाण्याचा खारेपणा भरती-ओहोटीला बदलतो. पेटीतल्या जिवांना ते सोसणारे नाही.

आठवड्याला २० लिटरने काय होते, हेही वहीत दाखवले. १८० मधले २० म्हणजे नववा हिस्सा. समजा, एखाद्या पेटीत नायट्रेट ४० आहे आणि नवी भर काहीच नाही. तर चार आठवड्यांनी ते २५ वर येईल आणि आठ आठवड्यांनी १५-१६ वर. बी.कॉम.ला घटत्या शिलकीवर घसारा काढायला शिकवतात, तेच गणित. पंचवीस वर्षांनी ते माशांच्या उपयोगी पडले!

पहिले तीन आठवडे काहीच फरक दिसला नाही. भाचा रोज रात्री फोन करून तेच सांगे. आम्ही म्हणायचो, गोदामात माल जुना आहे, तो उपसायला वेळ लागणारच. पाचव्या आठवड्यात नवे केस आखूड यायला लागले. दहाव्या आठवड्यात दगडाचा गुलाबी रंग दिसू लागला. तो गुलाबी थरही शेवाळाचाच, पण चुनखडीसारखा कठीण, सज्जन शेवाळ. एका कोपऱ्यात अजून हिरवा पुंजका आहे. तो राहणार. शेवाळ शून्यावर आणायचे नसतेच, जमाखर्च जुळता ठेवायचा असतो. काम टिकले. आजी आता दुपारी पाव घालत नाहीत, भाचा आला की त्याला चहा पाजून गप्पा मारतात.

ही झाली आमच्या घरची गोष्ट. आता सर्वांच्या उपयोगाचे चार शब्द.

शेवाळ हा मुळात शत्रू नाही. ज्या पोवळ्यांचे खडक समुद्रात बेटेच्या बेटे उभी करतात, त्या पोवळ्याच्या अंगातच सूक्ष्म शेवाळ राहते आणि उन्हावर तयार केलेले अन्न त्याला देते. पाणी फार तापले की पोवळे ते शेवाळ बाहेर टाकते, पांढरे पडते आणि तसेच राहिले तर मरते. मग त्या मेलेल्या खडकावर बाहेरचे केसाळ शेवाळ चढते. घरात असावे ते पाहुणे निघून गेले आणि नको ते बिऱ्हाड करून बसले, असा प्रकार.

तोल बिघडला की अख्खा समुद्रही काचपेटीसारखा होतो. १९८३ साली कॅरिबियन समुद्रात एक रोग पसरला आणि शेवाळ खाणारी काळी समुद्री साळींदरे वर्ष-दीड वर्षात शंभरातली नव्वदहून अधिक मेली. जमैकाच्या किनाऱ्यावर चरणारे मासे माणसाने आधीच उपसून संपवले होते, १९८० साली मोठे वादळही होऊन गेले होते. खाणारा कोणी उरला नाही. १९७० च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या खडकांचा निम्म्याहून अधिक भाग जिवंत पोवळ्यांनी झाकलेला होता, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीस तो ५ टक्क्यांच्या आत आला. उरलेल्यावर शेवाळ.

दुसरी गोष्ट मोनॅकोची. १९८४ साली तिथल्या प्रसिद्ध मत्स्यालयाखालच्या समुद्रात कॉलर्पा नावाचे शोभेचे शेवाळ छोट्याशा तुकड्यात सापडले. पुढे ते भूमध्य समुद्राच्या किनाऱ्याने मैलोगणती पसरले. २००० साली तेच अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर दिसले, तेव्हा ते हटवायला सहा वर्षे लागली. म्हणून पेटीतून काढलेले शेवाळ किंवा नको झालेले मासे नाल्यात, तळ्यात, खाडीत कधीही टाकू नयेत. शेवाळ उन्हात वाळवावे आणि मग कचऱ्यात टाकावे.

कायद्याचीही माहिती असावी. दगडी पोवळी २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ती समुद्रातून काढणे आणि विकणे हा गुन्हा आहे. आपल्या कोकणात मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तिथे पोवळी आहेत. ती बघावीत, तोडू नयेत. या धंद्यात काम करणाऱ्या आपल्या मुलांनी हे पक्के लक्षात ठेवावे, कारण माल मालकाचा असला तरी पेटी हातात धरलेला पोरगाच आधी सापडतो.

आपल्यापैकी फार थोड्यांच्या घरी खाऱ्या पाण्याची पेटी असेल. पण पेण-अलिबाग भागात घराशेजारी जिताड्याचे तळे असलेली घरे बरीच आहेत आणि तिथेही हाच हिशेब आहे. आमच्या एका नातलगांच्या तळ्यात एका उन्हाळ्यात पाणी हिरवेगार झाले. लोक म्हणाले, छान, पाणी सकस झाले. पहाटे पाहतात तर मासे वर तोंड काढून धापा टाकत होते. कारण असे की, शेवाळ दिवसा उन्हात प्राणवायू सोडते, पण रात्री तेही तो वापरते. सर्वांत कमी प्राणवायू असतो तो पहाटे. आभाळ भरून आले तर धोका अधिक. अशा वेळी खाणे आणि शेणखत ताबडतोब थांबवावे, पंप लावून पाणी उंचावरून तळ्यातच पाडावे, जमल्यास ताजे पाणी सोडावे. कपड्या-भांड्यांच्या साबणाचे पाणी तळ्याकडे वळू देऊ नये. शेवाळ मारायला एकदम औषध ओतू नये, कुजलेल्या शेवाळाने मासळी जास्त मरते. वर्षभर वाढवलेला जिताडा एका पहाटे उलटा तरंगताना पाहणे म्हणजे काय, ते ज्याचे त्याला ठाऊक.

मुलांनी हौसेने आणलेल्या लहान पेटीसाठी एवढे पुरे: पेटी खिडकीपासून दूर, चिमूटभर खाणे एकदाच, आठवड्याला थोडे पाणी बदल, नळाचे पाणी रात्रभर ठेवून मग. नव्या पेटीत तपकिरी पूड बसली तर घाबरू नये, ती काही आठवड्यांत आपोआप ओसरते. लाल-जांभळट बुळबुळीत साय आली तर ते शेवाळ नव्हे, जिवाणूंचा थर आहे. तो नळीने ओढून काढावा आणि खाणे निम्मे करावे.

आणि हे काम पोटापाण्याचेही होऊ शकते. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत शोभेच्या माशांच्या पैदाशीसाठीही अनुदान ठेवले होते, अनुसूचित जाती-जमाती आणि महिलांना ६० टक्के, इतरांना ४० टक्के. सध्या काय चालू आहे ते अलिबागच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात स्वतः जाऊन विचारावे, दलालाच्या मागे लागू नये. जातीचा दाखला, बँक पासबुक, जागेचे कागद आधीच तयार ठेवावेत.

आमचा भाचा आता प्रत्येक गिऱ्हाइकाच्या पेटीची वेगळी वही ठेवतो. परवा दुकानात नवीन पोरगा कामाला लागला. भाच्याने त्याला ब्रश दिला नाही. आधी वही दिली आणि म्हणाला, "घासायला नंतर शीक. पहिल्यांदा विचारायला शीक, हे आलं कुठून."

पेटीत शेवाळ दिसले की कोणाच्या हाताला नावे ठेवण्याआधी हा प्रश्न विचारावा. बहुतेक वेळा उत्तर आपल्याच घरात, आपल्याच मायेच्या हातून पडलेल्या पावाच्या तुकड्यात सापडते. आणि सापडले म्हणजे सुधारता येते.